ब्राउझरची ओळख आणि संकेतस्थळाचे दार

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची अखेरची तारीख. मुख्याध्यापक शाळेतील संगणकावर संकेतस्थळ उघडतात आणि पडद्यावर एकच ओळ उमटते : ‘आपला ब्राउझर या संकेतस्थळासाठी योग्य नाही.’ हा निर्णय कशाच्या आधारे झाला, याचा उलगडा तेथे नसतो.

ब्राउझर संकेतस्थळाकडे पान मागतो, तेव्हा मागणीसोबत स्वतःची ओळख सांगणारी एक ओळही धाडतो. तीत ब्राउझरचे नाव, आवृत्तीचा क्रमांक इत्यादी तपशील असतो. ही ओळ वाचून प्रवेश देण्याची वा नाकारण्याची पद्धत जुनी आहे; परंतु भरवशाची नाही. कारण हे ज्याचे त्याने स्वतःच दिलेले प्रमाणपत्र होय.

१९९४ साली आलेला नेटस्केप ब्राउझर आपली ओळख ‘मोझिला’ अशी देत असे. चौकटींत विभागलेली नवी पाने काही संकेतस्थळे ‘मोझिला’लाच पाठवू लागली, तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररनेही तेच नाव पुढे केले. पुढे सफारी, क्रोम त्याच वाटेने गेले. परिणामी आजही जवळजवळ प्रत्येक ब्राउझरच्या ओळखीचा आरंभ ‘मोझिला/५.०’ असाच होतो! ऑपेराची गोष्ट तर अधिकच मासलेवाईक. २००९ मध्ये त्याची दहावी आवृत्ती निघाली. पण काही संकेतस्थळे क्रमांकाचा पहिलाच अंक वाचीत व ‘१०’ ला ‘१’ समजत. नवाकोरा ब्राउझर जुनाट ठरू लागला. अखेर ऑपेराने ओळीच्या आरंभी ‘९.८०’ हाच आकडा ठेवला आणि खरी आवृत्ती शेवटी लिहिली.

म्हणून जाणकार आता नाव विचारीत नाहीत. आवश्यक ती सोय ब्राउझरमध्ये आहे किंवा नाही, एवढेच पानातील आज्ञावलीकडून तपासून घेतात. नकाशा दाखविण्याची सोय नसेल, तर गावाचे नाव लिहिण्यासाठी साधा रकाना द्यावा. त्यासाठी संपूर्ण अर्ज अडविण्याचे कारण नाही. सुरक्षिततेची बाब मात्र निराळी. माहिती गुप्त ठेवण्याची आधुनिक पद्धत अतिजुन्या ब्राउझरला अवगतच नसते. तेथे नकार योग्य होय. तथापि, त्यासोबत कारण व पर्याय मराठीत सांगितलाच पाहिजे. संकेतस्थळाच्या कामाचा करारनामा करतानाच अधिकाऱ्यांनी ही अट घालावी.

असा नकार मिळाल्यास प्रथम ब्राउझर अद्ययावत करावा. तरीही अडचण राहिल्यास ब्राउझरच्या ‘अबाउट’ या भागातून नाव व आवृत्ती टिपून, पडद्यावरील संदेशाच्या चित्रासह संबंधित कार्यालयास मुदतीपूर्वी लेखी कळवावे.