टेम्पो खाली बसवताना

आमच्या घरातून कॉलेजात येणारा पहिला मीच, आणि बाबांचा जुना पिकअप टेम्पो खाली बसवून सजवावा असे वाटणाराही पहिला मीच! कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या गाड्या अशाच जमिनीलगत आणतात, त्यांची चित्रे मी पाहिली होती. साठवलेले थोडे पैसे घेऊन कल्याणच्या एका गॅरेजात गेलो.

मिस्त्रींनी मागचे पाटे दाखवले. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एकदोन पाटे काढून टाकणे. कला शाखेत आल्यावर गणित सुटले असे मी समजत होतो. पण सारख्या जाडीच्या ५ पाट्यांतले २ काढले, तर ताठपणा ३/५ उरतो आणि तेवढ्याच ओझ्याने ते ५/३ पट दबतात. मग शिळफाट्याच्या रस्त्यावर एखादा खड्डा लागला, की आस थेट चासीवर आदळणार! शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही.

"बाळा, बाबांची भाजी रोज याच पाट्यांवर बसते," मिस्त्री एवढेच म्हणाले.

मी पाटे काढले नाहीत. ते सोडवून गंज घासला, ग्रीस लावले, झिजलेले बुश बदलले. उरलेल्या पैशांत फाळका रंगवून त्यावर आईचे नाव घातले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून परतल्यावर बाबा म्हणाले, "गाडी कुरकुरायची थांबली रे." नाव त्यांनी नंतर पाहिले.