आधी टीवाय, मग एफवाय
(लेखांक 4)

गेल्या आठवड्यात आपण क्रेडिटचा हिशेब पाहिला. वर्गातले पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट आणि तीन वर्षांच्या बीएला 120 ते 132 क्रेडिट. हिशेब कळला तरी घ्यायचे काय, हा प्रश्न उरतोच. 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे शब्द आले. मेजर बहुतेक जण घरी-दारी विचारून ठरवतात. बाकीचे रकाने मात्र ‘स्कोअरिंग कुठला’ आणि ‘लेक्चर लवकर सुटतात का’ एवढ्यावर भरले जातात. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याने खरे डोके याच रकान्यांवर चालवावे आणि ते भरताना एफवायकडून पुढे न जाता टीवायकडून मागे यावे, असे माझे म्हणणे आहे.

बाबासाहेब आंबेडकरांनी 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. मेजर कोणता, हे सांगायला नको. पण जातिसंस्थेची मीमांसा करणारा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध त्यांनी 9 मे 1916 रोजी वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. जातीचे मूळ त्यांनी जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहांत शोधले, आणि हा धागा नुसत्या अर्थशास्त्राच्या वर्गात हाती लागणे अवघड होते. हे पदव्युत्तर शिक्षण होते आणि विद्यार्थी बाबासाहेब होते, असा आक्षेप कोणी घेईल. दोन्ही खरे आहे. प्रतिभा काही विषयांच्या यादीतून येत नाही. यादीची रचना मात्र कुणालाही उचलता येते. एक विषय खोलवर, आणि भोवती त्या विषयाला जे दिसत नाही ते दाखवणारे दोन-तीन.

आता टीवायकडून मागे येऊ. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी क्षेत्रप्रकल्प आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) येतात. म्हणजे गावात किंवा वस्तीत जायचे, प्रश्नावली भरून आणायची, तक्ते करायचे. समाजशास्त्राचा विद्यार्थी नेमका इथे अडतो, कारण मोजायला त्याला कोणी शिकवलेलेच नसते. मोजल्याने काय हाती लागते, याचे जुने उदाहरण हॅरल्ड मान यांचे. ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य, मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी केलेली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी 1917 साली प्रसिद्ध झाली (आज तिथे सोसायट्यांचे टॉवर आहेत). 1771 मध्ये तिथली सरासरी जमीनधारणा 40 एकर होती, ती 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली, हे त्यांनी मोजून दाखवले. सरासरी 7 एकर म्हणजे प्रत्येकाकडे 7 एकर नव्हे. चार बड्या खातेदारांमुळे सरासरी फुगली आहे का, हे पाहायला मध्यक काढावा लागतो. एवढी समज येण्यासाठी संख्याशास्त्राचा एक प्राथमिक पेपर पुरे. गंमत म्हणजे ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचेच घ्यावे, असा नियमच आहे. मग संख्याशास्त्राची जागा तीच, आणि वेळ पहिल्या वर्षाची, प्रकल्प दाराशी येण्याआधीची.

‘मार्क जातील त्याचे काय?’ ही भीती पोकळ नाही, कारण चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सेमिस्टरांत 75 टक्के लागतात. म्हणून आकडाच मांडू. 132 क्रेडिटमध्ये 4 क्रेडिटचा एक पेपर म्हणजे जेमतेम तीन टक्के. त्यात शंभरपैकी तब्बल 20 गुण कमी पडले, तरी एकूण सरासरी सहा दशांश टक्क्याने घसरते. उलट कच्च्या तयारीने केलेल्या प्रकल्पाचे, ओजेटीचे आणि अहवालांचे नुकसान याहून मोठे. दुसरा आक्षेप स्पर्धा परीक्षांचा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 1750 पैकी 500 गुण वैकल्पिक विषयाचे असतात, म्हणून मेजर तसा निवडणे समजते. पण मायनरही त्याच हिशेबाने घेतला, तर परीक्षा हुकल्यावर हाती दुसरे काही राहत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. तालुक्याच्या कॉलेजात कला शाखेला मोजके प्राध्यापक असतात. तिथे जे शिकवायला माणूस आहे तेच मायनर, आणि धोरणातली निवड कागदावर राहते. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतून सेमिस्टरची 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट मिळवण्याची मुभा यूजीसीने दिली आहे, पण महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम मान्य केल्याशिवाय ती क्रेडिट गुणपत्रकात येत नाहीत. आधी कोर्स करून मग विचारणे, हा इथला नेहमीचा घोटाळा. विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज आधी द्या आणि पोच घेऊन ठेवा.

तेव्हा या आठवड्यात फॉर्म भरायची घाई करू नका. कार्यालयात जाऊन तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम आणि चालू वर्षाचे टीवायचे वेळापत्रक मागा. प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेले किती विषय प्रत्यक्षात शिकवले जातात, ते त्या वेळापत्रकातच कळते.