आठ चाकांचं ऑलिम्पिक

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी स्केटिंगचा क्लास भरतो. कडेच्या बाकड्यांवर पालक बसतात आणि त्यांच्यातलं कुणीतरी दर दोन महिन्यांनी मला तेच ऐकवतं: "आमची परी फिगर स्केटिंग करते. सर म्हणाले, अशीच मेहनत घेतली तर ऑलिम्पिक नक्की."

नाही हो. परी कितीही गुणी असली तरी या वाटेने नाही.

परीच्या पायात क्वाड आहेत: प्रत्येक बुटाला पुढे दोन, मागे दोन अशी चार चाकं. या खेळाला आर्टिस्टिक रोलर स्केटिंग म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये आहे ते बर्फावरचं, पात्यांवरचं फिगर स्केटिंग. भावंडं चुलत, पण घरं वेगळी. बर्फाचा कारभार इंटरनॅशनल स्केटिंग युनियन म्हणजे आयएसयूकडे, चाकांचा वर्ल्ड स्केट या संघटनेकडे. वर्ल्ड स्केटच्या छत्राखालून ऑलिम्पिकमध्ये शिरलं ते स्केटबोर्डिंग, तेही टोकियोपासून. १९९२ ला बार्सिलोनात रोलर हॉकी झाली ती प्रदर्शनीय खेळ म्हणून. आर्टिस्टिकच्या वाट्याला तेवढंही आलेलं नाही. बर्फावर तरी आपलं काय? २०२२ च्या बीजिंगपर्यंत ऑलिम्पिकच्या फिगर स्केटिंगमध्ये भारताचा एकही खेळाडू उतरलेला नाही. विश्वास नसेल तर जुने निकाल उघडून बघा.

यावर बाकड्यावरून तारा लिपिन्स्कीचं नाव येतंच. बरोबर, तिची सुरुवात चाकांवर झाली आणि १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने सुवर्ण जिंकलं. पण ती सहाव्या वर्षीच बर्फावर उतरली होती, हे कुणी सांगत नाही. उड्यांची नावं दोन्हीकडे तीच: अ‍ॅक्सल, लुट्झ, सॅल्कोव्ह. मात्र पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात आणि सगळा तोल त्या धारेवर. चार चाकांवर ती धारच नाही. ती अंगात मुरायला ६० बाय ३० मीटरची रिंक रोज हवी. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी एक बांधली, ती पुढे वर्षानुवर्षं बंद पडून होती. बोरिवलीच्या खाडीपलीकडे, गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्येही बर्फ होता, पण तो सहलीपुरता. आता ते पार्कही बंद झालं.

मला खरा राग येतो तो चाकांच्या खेळाला नुसतं वेटिंग रूम समजण्याचा. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामाने याच आर्टिस्टिकमध्ये एकेरीत कांस्य मिळवलं आणि अवनी पांचाळबरोबर जोडीतही. २०१५ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणखी एक गंमत: 'फिगर' म्हणजे आखलेल्या वर्तुळांवरून अचूक फिरणं. बर्फावरच्या जागतिक स्पर्धेतून हा प्रकार १९९० नंतर गेला, चाकांवर तो त्यानंतरही टिकला. म्हणजे नावातलं फिगर सांभाळलं ते परीच्या खेळाने.

बाकीचे गैरसमज चिल्लर आहेत. थंड देशच लागतो? फिगर स्केटिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते १९०८ च्या लंडनच्या उन्हाळी स्पर्धेत, कृत्रिम बर्फावर. हा नाच आहे, खेळ नाही? मग प्रत्येक उडीला ठरलेले मूळ गुण आणि वर उणे पाच ते अधिक पाच ही प्रत कशासाठी मोजतात? मुलींचा खेळ? वर सांगितलेल्या तिन्ही उड्यांची नावं पुरुषांवरून पडली आहेत. पंधराव्या वर्षी सगळं संपतं? आयएसयूने २०२२ च्या अधिवेशनात ठरवलं आणि २०२४-२५ पासून वरिष्ठ गटात उतरायलाच सतरा वर्षं पूर्ण लागतात.

आणि "वाढत्या पायाचं मूल आहे, बूट दोन नंबर मोठे घ्या" हे सांगणाऱ्या आजोबांना हात जोडून विनंती: शाळेच्या बुटांना तो हिशेब चालेल. इथे टाच आत हलली की घोटा डुगडुगतो आणि उडीवरून उतरताना पोर थेट कोबावर आपटतं.