ताऱ्यांच्या प्रकाशातले रंग कोण गिळतंय? १०० वर्षांनंतरही न सुटलेलं कोडं

बुलढाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीत उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकलं आणि जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिलं, की विंचवासारखी वृश्चिक रास दिसते. तिच्यातला लालसर, ठळक तारा म्हणजे ज्येष्ठा. त्याच्या उजव्या बाजूला अगदी जवळ एक मंद तारा आहे, सिग्मा स्कॉर्पी.

या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो, पण पूर्ण येत नाही. वाटेतल्या वायू आणि धुळीच्या ढगात त्यातले काही ठरावीक रंग शोषले जातात. हे काम नेमके कोणते रेणू करतात, याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडेच नाही.

नेमकं काय दिसतं?

ताऱ्याचा प्रकाश वर्णपटमापकातून पाहिला, की इंद्रधनुष्यासारखी रंगांची पट्टी मिळते. त्या पट्टीत मध्येमध्ये काळ्या रेषा असतात. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगच शोषतं. त्यामुळे आधारच्या मशीनवर अंगठा जुळवावा, तशा या रेषा जुळवून सोडियम कोणतं, कॅल्शियम कोणतं हे ओळखता येतं.

१९१९ मध्ये अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत मेरी ली हेगर या विद्यार्थिनीला मात्र दोन वेगळ्याच खुणा दिसल्या. त्या बारीक रेषा नव्हत्या, तर पसरट, कडा पुसट झालेले पट्टे होते, आणि ते कोणत्याच ओळखीच्या पदार्थाशी जुळत नव्हते. आज असे साडेपाचशेहून जास्त पट्टे माहीत आहेत. त्यांना ‘डिफ्यूज इंटरस्टेलर बँड्स’ किंवा थोडक्यात डीआयबी म्हणतात.

हे पट्टे ताऱ्याचेच नाहीत कशावरून?

काही तारे जोडीने एकमेकांभोवती फिरतात. असा तारा आपल्याकडे येताना त्याच्या रेषा निळ्या रंगाकडे सरकतात आणि दूर जाताना तांबड्याकडे. हे पट्टे मात्र जागचे हलत नाहीत. म्हणजे ते ताऱ्याचे नाहीत, मधल्या ढगाचे आहेत. शिवाय वाटेत धूळ जास्त असेल, तर पट्टेही साधारणपणे जास्त गडद दिसतात.

सगळ्यांमागे एकच पदार्थ आहे का?

नाही, आणि सिग्मा स्कॉर्पी इथेच कामाला येतो. हेगर यांना सापडलेले दोन पट्टे ५७८ आणि ५७९.७ नॅनोमीटरला आहेत, अगदी शेजारी शेजारी. दोन्ही एकाच रेणूचे असते, तर सगळीकडे एकाच प्रमाणात दिसले असते. पण सिग्मा स्कॉर्पीच्या वाटेवर पहिला पट्टा दुसऱ्यापेक्षा खूप ठळक आहे. भुजंगधारी तारकासमूहातल्या झीटा ताऱ्याच्या वाटेवर दुसऱ्याचा वाटा वाढतो. कारण पहिल्या ढगावर ताऱ्यांचे अतिनील किरण जास्त पडतात, तर दुसऱ्यात रेणूंना जास्त आडोसा मिळतो. म्हणजे हे रेणू वेगवेगळे आहेत.

अशी अनोळखी रेष आधीही दिसली होती

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणापासून आंध्रपर्यंत गेला. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेला एक पिवळी रेष दिसली. ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून ती मोजली आणि ती सोडियमची नाही, हे लक्षात आलं. ती हेलियमची होती. (दर ऑगस्टमध्ये फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये लॉकयर तेव्हा विजयदुर्गावर होते असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते तिथे आले १८९८ च्या ग्रहणासाठी.) पृथ्वीवर हेलियम वेगळा सापडायला १८९५ उजाडलं. म्हणजे ते कोडं २७ वर्षांत सुटलं. डीआयबीच्या कोड्याने शंभरी ओलांडली.

मग काहीच सापडलं नाही का?

एक रेणू सापडला, आणि गंमत म्हणजे त्यात हेलियमनेच मदत केली. कार्बनच्या ६० अणूंचा फुटबॉलसारखा रेणू म्हणजे बकमिन्स्टरफुलरीन. त्यातला एक इलेक्ट्रॉन निघून गेला, की त्यावर धन विद्युतभार येतो. १९९४ मध्ये अवरक्त भागातले दोन पट्टे या भारित रेणूचे असावेत, असं सुचवलं गेलं. पण सिद्ध करायचं तर हा रेणू अंतराळाइतक्या थंडीत, एकटा ठेवून मोजायला हवा होता.

२०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठात जॉन मायर यांच्या गटाने हे जमवलं. त्यांनी अतिथंड भारित रेणूला एक हेलियमचा अणू चिकटवला आणि त्यावर लेझर सोडला. योग्य रंग शोषला गेला, की हेलियम सुटून जायचा. अशा सुटण्यावरून रंग कळला, आणि तो ताऱ्यांच्या प्रकाशातल्या पट्ट्यांशी जुळला. पुढे हबल दुर्बिणीनेही याला दुजोरा दिला.

पण या एका रेणूने मोजकेच पट्टे सुटतात. बाकीचे शेकडो तसेच आहेत. संशय कार्बनच्या मोठ्या रेणूंवर आहे, पण असे रेणू असंख्य प्रकारचे असू शकतात. प्रत्येकाची प्रयोगशाळेत अशीच चाचणी घेणं हे वेळखाऊ काम आहे.

आपल्याला याचं काय?

कार्बनचे रेणू म्हटलं, की ‘अंतराळात जीव सापडला’ अशा पोस्ट फिरायला लागतात. या पट्ट्यांवरून तसं काहीही सिद्ध होत नाही. पण अशाच एका ढगातून सूर्य आणि पृथ्वी तयार झाली. ज्वारीच्या ताटात आणि आपल्या हाडामांसात असलेला कार्बन तिथूनच आला. ग्रह तयार होण्याआधी तो कोणत्या रूपात होता, याचा हिशेब या पुसट पट्ट्यांमध्ये लिहिलेला आहे. तो अजून पूर्ण वाचता आलेला नाही, एवढंच.