यानोमामी : वाटून खाणाऱ्या माणसांचे अरण्य

ब्राझील आणि व्हेनेझुएला यांच्या सीमाप्रदेशात, ॲमेझॉन व ओरिनोको या महानद्यांच्या खोऱ्यांतील वर्षावनात यानोमामी हा आदिवासी समाज राहतो. दोन्ही देशांतील मिळून त्यांची संख्या तीस हजारांहून अधिक आहे. त्यांच्या भाषेत ‘यानोमामी’ या शब्दाचा अर्थ ‘माणूस’ असा आहे. बाहेरच्या जगाने मात्र त्यांना निराळीच ओळख दिली. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅग्नन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांना ‘हिंस्र लोक’ म्हटले. पुढे विद्यापीठांतील अनेक पिढ्यांनी हा समाज त्याच विशेषणाने ओळखला. म्हणून त्यांची जीवनरीती मुळात कशी आहे, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

यानोमामींचे गाव म्हणजे बहुधा एकच विशाल वर्तुळाकार घर असते. त्यास ‘शाबोनो’ म्हणतात. कडेने पानांनी शाकारलेले छप्पर, त्याखाली प्रत्येक कुटुंबाची चूल आणि तिच्याभोवती टांगलेल्या झोळ्या. मध्यभागी आकाशाखाली मोकळे अंगण. कुटुंबाकुटुंबांमध्ये भिंती नसतात. एका छताखाली वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना या सहजीवनाची कल्पना सहज करता येईल. गावाला प्रमुख असतो, परंतु त्याला हुकूम देण्याचा अधिकार नसतो. तो केवळ सुचवू शकतो. निर्णय होतो तो दीर्घ चर्चेनंतर, सर्वांच्या संमतीने.

अरण्यातील जमिनीचा छोटा तुकडा साफ करून ते केळी, कंद व मका पिकवतात. काही वर्षांनी जमिनीचा कस उतरला की ती सोडून देतात आणि तेथे पुन्हा अरण्य उगवते. अन्न, औषध आणि घरबांधणी यांसाठी शेकडो वनस्पतींचा उपयोग त्यांना ठाऊक आहे. विशिष्ट वेली ठेचून ओढ्यात टाकल्या की मासे गुंगतात व हाताने वेचता येतात, हे त्यांपैकीच एक ज्ञान होय.

त्यांचा एक नियम विशेष लक्षणीय आहे. शिकारी स्वतः मारलेल्या प्राण्याचे मांस खात नाही. ते तो इतरांना वाटतो आणि स्वतः दुसऱ्याने आणलेले मांस खातो. कुशल शिकाऱ्यालाही पोट भरण्यासाठी इतरांवर अवलंबून राहावे लागते. त्यामुळे कौशल्यातून मान मिळतो, मक्तेदारी निर्माण होत नाही. या समाजात भांडणे आणि सूडाचे हल्लेही होत आले आहेत, हे खरे आहे. परंतु केवळ तेवढ्यावरून संपूर्ण समाजाला एक विशेषण चिकटवणे हा इतिहासाचा विपर्यास होय.

अशा विशेषणांची किंमत मोजावी लागते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सोन्याच्या शोधात सुमारे ४०,००० खाणकामगार त्यांच्या भूमीत घुसले. त्यांच्यामागोमाग हिवताप आला आणि नद्यांत पारा मिसळला. त्याच काळात त्यांच्या भूमीचे १९ तुकडे करण्याची योजना ब्राझील सरकारने पुढे आणली. ‘हिंस्र’ या प्रतिमेमुळे अशा धोरणांना बळ मिळते, असा आक्षेप ब्राझीलमधील मानवशास्त्रज्ञांनी घेतला. दावी कोपेनावा या यानोमामी नेत्याने देशोदेशी जाऊन आपल्या लोकांची बाजू मांडली. अखेर १९९२ मध्ये सुमारे ९६ लाख हेक्टर भूमी अखंड स्वरूपात राखीव झाली. तरीही बेकायदा खाणकाम थांबले नाही. उपासमार आणि रोगराई एवढी वाढली, की जानेवारी २०२३ मध्ये ब्राझील सरकारला तेथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

मृत्यूविषयी त्यांची भावना अत्यंत हळवी आहे. मृताचे नाव उच्चारत नाहीत. त्याच्या वस्तूही नष्ट करतात. अस्थींची राख केळ्याच्या पेजेत मिसळून आप्तस्वकीय प्राशन करतात. मृताचे काहीही मागे उरू नये, हा त्यामागील भाव. मात्र १९६०च्या दशकाच्या अखेरीस, शॅग्नन यांचा सहभाग असलेल्या संशोधकांच्या पथकाने त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. बदल्यात सुऱ्या, भांडी अशा वस्तू दिल्या. ज्यांचे ते रक्त होते त्यांतील अनेक माणसे मरण पावली. रक्त मात्र अमेरिकेतील प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत राहिले. ते परत मिळावे म्हणून यानोमामींनी वर्षानुवर्षे मागणी केली. २०१५ मध्ये अडीच हजारांहून अधिक नमुने ब्राझीलला परत आले आणि त्यांनी ते रक्त आपल्या अरण्याच्या मातीत विधिपूर्वक विसर्जित केले.