शेतातील मेश नोडचे वेब पान: आकड्याआधी वेळ पाहा

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत केवड्याचा धोका पानांवरील ओलावा, आर्द्रता आणि तापमान यांवरून ओळखता येतो. दूरच्या प्लॉटमधील आर्द्रता व तापमान घरी समजण्यासाठी लोरा रेडिओवर चालणारे मेश नोड उपयोगी पडतात. त्यांना सिमकार्ड लागत नाही. एक नोड दुसऱ्याचा संदेश पुढे पाठवतो. मात्र दूरचा नोड बंद पडला, तरी त्याचा शेवटचा आकडा पानावर तसाच दिसत राहतो. कालच्या कोरड्या हवेचा आकडा आजचा समजून फवारणी पुढे ढकलली, तर नुकसान घडांचे होते.

येथे मेशटॅस्टिक हे मोफत सॉफ्टवेअर असलेल्या नोडचे उदाहरण घेतले आहे.

पान कसे उघडावे?

• वाय-फाय असलेला ईएसपी३२ चिपचा नोड घरी ठेवावा. सॉफ्टवेअर टाकताना वेब पानाचा पर्याय निवडावा.
• अँटेना जोडल्याशिवाय नोड सुरू करू नये. रेडिओचा भाग खराब होऊ शकतो.
• मोबाईल ॲपमधून घरच्या वाय-फायचे नाव व पासवर्ड भरावा. राउटर २.४ गिगाहर्ट्झवर हवा. वाय-फाय सुरू झाल्यावर या नोडचे ब्लूटूथ बंद होते, त्यामुळे घाबरू नये.
• त्याच वाय-फायवरील मोबाईल किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये नोडचा आयपी पत्ता टाकावा. पान नोडमध्येच असल्याने इंटरनेट बंद असले तरी ते उघडते.

सुरुवातीच्या सेटिंग

प्रत्येक नोडवर लोरा विभागात रीजन ‘इंडिया’ निवडावे (८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ). रीजन निवडल्याशिवाय नोड संदेश पाठवत नाही. मूळ चॅनेलची किल्ली सर्वांना माहीत असते, म्हणून स्वतःची नवी किल्ली तयार करून सर्व नोडवर तीच ठेवावी. हवामानाचा आकडा अर्ध्या तासाने आला तरी पुरे. दर मिनिटाला पाठवल्यास संदेशांची गर्दी होते आणि बॅटरी लवकर उतरते.

रोज काय पाहावे?

१. शेवटचा संपर्क: नोडच्या यादीत ही वेळ आधी पाहा. अर्ध्या तासाचे अंतर ठेवले असताना संपर्क दोन तासांपूर्वीचा असेल, तर तो आकडा निर्णयासाठी धरू नका.
२. बॅटरी: लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२ व्होल्ट दाखवतो. ढगाळ दिवसांत तो रोज खाली येत असेल, तर सौर पॅनेल पुसा व त्यावर सावली पडते का ते तपासा.
३. एसएनआर: हा सिग्नलच्या स्पष्टतेचा आकडा आहे. लोरामध्ये तो शून्याखाली असला तरी संदेश पोहोचतो. नेहमीच्या ‘लाँग फास्ट’ सेटिंगमध्ये तो उणे १५ च्या खाली जाऊ लागला, की संदेश गळू लागतात.

छाटणीनंतर मोकळ्या बागेत छान चालणारा नोड पुढे दाट पानोऱ्यात अडकतो, कारण पानांतील पाणी रेडिओ लहरी शोषते. उसातही तेच होते. म्हणून सेन्सर पिकाच्या उंचीवर ठेवा, पण अँटेना पिकाच्या वर घ्या.

संपर्क जुना दिसला, की त्या दिवशी प्लॉटमध्ये जाऊन पानांची खालची बाजू स्वतः पाहा आणि मगच फवारणी ठरवा.