गाईचा दगडी रोग



गाय आपल्याला दूध देते. दुधाच्या पैशावर पुष्कळ घरे चालतात. पण गाईम्हशींच्या कासेला एक रोग होतो. त्याला कासदाह म्हणतात. कास दगडासारखी घट्ट होते, म्हणून लोक त्याला दगडी म्हणतात.

हा रोग जंतूंमुळे होतो. शेणात, चिखलात जंतू असतात. सडाच्या टोकाला बारीक भोक असते, तिथून ते आत शिरतात. धार काढल्यावर हे भोक सुमारे अर्धा तास नीट मिटत नाही. आणि गाय तर धार झाली की खाली बसते! म्हणून तेव्हा तिच्यापुढे वैरण टाकावी. खाईपर्यंत ती उभी राहते.

रोग झाला की कास सुजते, गरम लागते. हात लावला की गाय लाथ मारते. दुधात गुठळ्या येतात, कधी रक्त येते. कधी मात्र काहीच दिसत नाही, नुसते दूध कमी होते.

कासेचे चार भाग वेगवेगळे असतात. एकाचे दूध दुसऱ्यात जात नाही. उशीर झाला तर एखादा सड कायमचा जातो. आमच्या शेजारच्या काकूंच्या गाईचा असाच एक सड गेला. वासरू तो चोखून बघते नि सोडून देते.

मुंबईतल्या म्हशींसाठी १९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत झाली. आपल्या कल्याणकडेही तबेले आहेत. जिथे जनावरे पुष्कळ, तिथे जास्त जपावे लागते. कारण एकीचा रोग दुसरीला बहुतेक आपल्याच हातांनी जातो. तोच हात, तेच फडके सगळ्यांना लागते ना!

म्हणून हे नियम पाळा :
१. गोठा कोरडा ठेवा. पावसाळ्यात जास्तच.
२. हात व कास धुवा. प्रत्येक गाईला वेगळे फडके घ्या.
३. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढा. गुठळ्या लगेच दिसतात.
४. अंगठा मुडपून पिळू नका, सडाला इजा होते. पूर्ण मुठीने धार काढा.
५. आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढा.
६. लगेच गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. ते सांगतील तितके दिवस ते दूध विकू नका, पिऊ नका.

औषधाला पैसे लागतात, हात धुवायला लागत नाहीत. आज घरी गेल्यावर आपल्या गाईची कास नीट बघा.

— इयत्ता ४ थी